भावजयीचं प्रथिन

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही यावं, इथं जागा आहे आणि आवाज मी फार चढवणार नाही. आज सांगतो ती गोष्ट राजाची नाही, साधूचीही नाही. डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढ्याशा भुकटीची आहे, आणि त्या भुकटीपायी एका चांगल्या बाईच्या पोटात जे पेटलं त्याची आहे. चांगली बाई म्हणालो, ते ध्यानात असू द्या. मध्ये एकदोनदा तुम्हाला तसं वाटणार नाही.

तिला सगळे ताई म्हणत. घरी धाकटा भाऊ म्हणायचा, ते ठीकच होतं. पण कामावर तिच्याहून मोठी माणसंही ताई म्हणायची. मालकांना सगळे साहेब म्हणत, आणि ते साहेबही तिला ताईच म्हणत. काम होतं प्रथिनं बनवण्याचं. खाण्यातली प्रथिनं नव्हेत. आपल्या शरीरात हजारो प्रथिनं असतात आणि प्रत्येकाची कृती देवानं पेशीच्या पोटात जपून ठेवलेली असते. माणसानं काय केलं, त्यातली एक कृती अलगद उचलली आणि एका जिवाणूच्या पोटात नेऊन ठेवली. जिवाणू बिचारा साधा. ती कृती आपल्याच घरातली समजून तो माणसाचं प्रथिन बनवत बसतो. मग त्या जिवाणूंना रसात वाढवायचं, फोडायचं, आतला सगळा लगदा काचेच्या उभ्या नळीतून हळूहळू उतरवायचा आणि हवं तेवढंच प्रथिन वेगळं काढायचं. ते थंडीत सुकवून नखाएवढ्या कुपीत भरलं की झालं. याला ते लोक रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. कुपीवर छापलेलं असतं, ‘फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी’. ती भुकटी कुणाच्या अंगात जात नाही, पण ती नसली तर मोठमोठे संशोधक हातावर हात ठेवून बसतात.

ताईच्या नळीतून उतरलेलं प्रथिन म्हणजे डोळे मिटून घ्यावं, अशी तिची ख्याती होती. थेंब सोडायची बारकी नळी हातात धरायची ती किंचित तिरकी, करंगळी खाली आधाराला, थेंब सोडायचा तो काचेच्या कडेकडेनं. फेस म्हणून यायचा नाही. प्रथिन म्हणजे नेमक्या घडीत बसलेला धागा, त्याला फेस सोसत नाही, घडी विस्कटते. ताई म्हणायची, “त्याला आंघोळ घालायची नाही, त्याला नुसतं भिजवायचं.”

असं असूनही एक प्रथिन तिला वश होत नव्हतं. मज्जापेशींना, म्हणजे मेंदूतल्या आणि नसांतल्या पेशींना, कोंब फोडणारं प्रथिन. त्याचे दोन थेंब पेशींवर टाकले की गोल बसलेल्या पेशींना बारीक धागे फुटतात, वेलीला फुटावेत तसे. संशोधक त्यासाठी आस लावून होते. पण जिवाणूच्या पोटात ते तयार झालं की त्याच्या गुठळ्या व्हायच्या, आणि गुठळी म्हणजे मेलेलं प्रथिन. ताईनं रस बदलून पाहिला, क्षार बदलून पाहिले, गुठळ्या विरघळवून पुन्हा घडी घालता येते का तेही पाहिलं. हाती यायचं ते गढूळ पाणी. साहेब म्हणायचे, “ताईला जमलं नाही म्हणजे ते जमण्यासारखं नाही.” हे वाक्य ताईला मनापासून आवडायचं.

एवढ्यात तिच्या भावाचं लग्न झालं.

भावाला घरात छोट्या म्हणत. दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागायची, तरी छोट्याच. बायको केली तीही याच विषयात शिकलेली, चणीनं लहान, आणि एका जागी म्हणून बसणार नाही. बोलताना फिरायची, फिरताना बोलायची. सासूनंच पहिल्या आठवड्यात तिचं नाव भिंगरी पाडलं आणि ते चिकटलं. तिला काम हवं होतं, ताईनंच साहेबांकडे शब्द टाकला. बरं का, हे विसरू नका. ताईनं स्वतःच्या हातानं तिला तिथं आणलं. स्वतःच्या बाकाशेजारी बसवलं, करंगळी कुठे ठेवायची ते शिकवलं. आणि पहिले काही महिने तिला ती आवडायचीही.

मग एक दिवस भिंगरी म्हणाली, “ताई, त्या कोंबवाल्या प्रथिनाचे जिवाणू आपण उबेत वाढवतो ना. थंडीत वाढवून बघू या का?”

“थंडीत ते वाढतच नाहीत.”

“हळू वाढतील. घाईघाईत घडी घालतात म्हणून गुठळ्या होत असतील. आमच्या घरी मी कपड्यांच्या घड्या घाईत घातल्या की आई म्हणायची, झाला बोळा.”

“जिवाणू म्हणजे कपडे नव्हेत.”

“नाही ना. पण बघू या तरी. मी करते, तुमचा वेळ नको.”

ताई हसली. हसण्यात जरा मीठ होतं. म्हणाली, “कर बाई, हौस आहे तर.”

भिंगरीनं केलं. जिवाणूंचा रस ढवळत ठेवणाऱ्या फिरत्या यंत्राचा गारवा वाढवला, रोज सकाळी काचेतून आत डोकावून जिवाणूंना विचारायची, “काय पोरांनो, हुडहुडी भरली का?” पॅकिंगवाले काका बर्फाच्या पेट्या भरता भरता म्हणायचे, “स्वेटर विणून दे त्यांना.” सगळे हसायचे. ताईला त्या हसण्याचा आवाज मोठा वाटायचा.

आणि ज्या दिवशी लगदा नळीतून उतरला त्या दिवशी हाती आलं ते स्वच्छ पाणी. गढूळपणाचा मागमूस नाही. साहेबांनी नळी उजेडासमोर धरली, बराच वेळ धरली, आणि ताईकडे न बघता भिंगरीला म्हणाले, “तुझा हात हलका आहे गं.”

आता सांगा, त्यात ताईला लागण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण लागायचं ते लागलंच. हे वाक्य आजवर तिच्याच वाट्याचं होतं. साहेबांनी ते तिच्या अंगावरून काढून दुसरीच्या अंगावर घातलं, तिच्यादेखत.

तिथून पुढे ताईला सगळीकडे तेच दिसायला लागलं. आईचे गुडघे दुखायचे, रोज संध्याकाळी तेल लावायचं काम ताईचं. एकदा ताई तेलाची वाटी घेऊन आली तर आई म्हणाली, “राहू दे, दमली असशील. भिंगरी लावेल. तिच्या हातानं दुखत नाही.”

“माझ्या हातानं दुखतं?”

“तसं कुठे म्हणाले मी? तू जरा जोर लावतेस एवढंच.”

इतकी वर्षं जोर लागत होता आणि आई बोलली नव्हती. ताई वाटी ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. आतून भिंगरीची बडबड ऐकू येत होती आणि आई हसत होती. आई तशी सहसा हसायची नाही.

रस्त्यानं दोघी बरोबर जायच्या. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीतून, धोब्याच्या दुकानावरून, चढ चढून. पूर्वी चहाच्या टपरीवाला ताईला ओळखायचा. आता तो विचारायचा, “आज त्या बोलणाऱ्या बाई नाहीत?” ताई म्हणायची, “येतील मागून.” आणि पाय उचलायची.

तिलाही कळत होतं, बरं का. देवानं तिला अक्कल दिली होती. रोज सकाळी दिवा लावून हात जोडले की ती म्हणायची, देवा, हे माझ्या मनातून काढ. पण काढ म्हणताना घट्ट धरून ठेवायचीही तीच. मत्सर असा असतो. हातात निखारा धरून माणूस फुंकर मागतो, मूठ मात्र उघडत नाही.

पुढे एका मोठ्या प्रयोगशाळेची मागणी आली. पहिली खेप पसंत पडली तर वर्षभर घेऊ, म्हणाले. साहेबांनी भिंगरीला बोलावलं, ताईलाही बोलावलं.

“हे बघ,” ते भिंगरीला म्हणाले, “अजून तू कच्ची नोकरी करतेस. ही खेप तपासणीत उतरली की तुला कायम करतो आणि या प्रथिनाचं सगळं काम तुझ्याकडे. नाही उतरली तर मला इतकी माणसं ठेवता येणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. तपासणी ताई करतील. ताईंचा निकाल तो शेवटचा.”

भिंगरीनं ताईकडे बघून हात जोडले, गमतीनं. “ताई, दया करा.”

“प्रथिनावर दया चालत नाही,” ताई म्हणाली. तीही गमतीनं. निदान ऐकणाऱ्याला तसं वाटलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी घरात एक बोलणं झालं. आई चहा पिता पिता सहज म्हणाली, “भिंगरी कायम झाली म्हणजे ती दोघं इथंच राहतील. मग खिडकीची खोली त्यांना देऊ या. तू माझ्याजवळ झोपत जा. तुला एकटीला एवढी खोली काय करायची?”

खिडकीची खोली ताईची होती. तिथून चढाचा रस्ता दिसायचा, समोरच्या छतावरची कबुतरं दिसायची. ताईनं चहाचा कप अर्धाच ठेवला आणि कामावर गेली.

आता नीट ऐका, सगळं इथंच घडलं. तपासणी म्हणजे काय, तर पेशींची एक ताटली घ्यायची, प्रथिन खूप खूप पातळ करून त्यावर सोडायचं आणि कोंब फुटतात का पाहायचं. पण इतकं पातळ प्रथिन नुसत्या पाण्यात ठेवता येत नाही. ते नळीच्या प्लास्टिकला चिकटतं, भिंतीवरच राहून जातं, पेशींपर्यंत पोचत नाही. म्हणून त्या पाण्यात आधी दुसरं एक स्वस्त प्रथिन घालतात, अल्ब्युमिन. ते जाऊन भिंतीला चिकटून बसतं आणि आपल्या मोलाच्या प्रथिनाला वाट मोकळी होते. ताई हे सगळ्यांना शिकवायची. तिच्या बाकावर दोन सारख्या बाटल्या असायच्या, एक नुसत्या क्षाराच्या पाण्याची, एक अल्ब्युमिन घातलेली.

त्या दिवशी ताईचा हात बाटलीकडे गेला तेव्हा ताईचं डोकं खिडकीच्या खोलीत होतं. एकटीला काय करायची, एकटीला काय करायची. तिनं नुसत्या पाण्याची बाटली उचलली. नळ्या भरल्या, जेवायला गेली, तोवर नळ्या तशाच बाकावर. मग थेंब सोडले. शेजारच्या ताटलीत तुलनेसाठी कोंब फोडणारंच दुसरं एक जुनं, खात्रीचं प्रथिन सोडलं. ते आधीपासून पातळ करून ठेवलेलं होतं, अल्ब्युमिन घालून.

निकालाच्या दिवशी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जुन्या प्रथिनाच्या पेशींना धागे फुटले होते. भिंगरीच्या प्रथिनाच्या पेशी गोल, गप्प, जशा होत्या तशा.

सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं, ताईला गार वाटलं. उन्हातून आल्यावर माठाला हात लावावा तसं. तिनं सगळ्या ताटल्या पुन्हा पाहिल्या, आणि तिच्या लक्षात आलं की आपण खात्री करण्यासाठी पाहत नाही आहोत. पुन्हा पाहावंसं वाटतंय म्हणून पाहतोय.

साहेबांना तिनं सांगितलं, “मेलेलं आहे. दिसायला स्वच्छ, पण काम करत नाही.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. भिंगरी दारातच उभी होती. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, “माझंच कुठेतरी चुकलं असणार. ताईंनी तपासलंय म्हणजे तसंच असणार.”

काकांनी त्या कुप्यांवर लाल चिकटपट्टी लावली आणि शीतपेटीच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. सवड झाली की वाफेत घालून नष्ट करायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बाक पुसत होती. अल्ब्युमिनची बाटली उचलून तिनं फडकं फिरवलं आणि थांबली. बाटली जड होती. तपासणीच्या दिवशी सकाळी तिनंच ती गळ्यापर्यंत भरली होती, आणि ती अजून गळ्यापर्यंत भरलेली होती.

ताई खाली बसली. समजायला वेळ लागला नाही, तिच्याइतकं ते कुणाला कळणार? प्रथिन जिवंत होतं. ते तिच्या नळ्यांच्या भिंतींना चिकटून बसलं होतं. मेलं काही नव्हतं.

आता जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. चूक कुणाची होत नाही? पण ती बाटली हातात धरून ताई विचार करू लागली, आणि विचार करायला बसलं की मत्सराला खुर्ची मिळते. सांगितलं तर काय होणार? साहेब म्हणणार, ताईंचाही हात चुकायला लागला. काका म्हणणार, वय झालं. आई म्हणणार, बघ, तिचं बरोबरच होतं. आणि नाही सांगितलं तर? तर सगळं पूर्वीसारखं. ताईला जमलं नाही म्हणजे ते जमण्यासारखं नाही.

तिनं थोडं अल्ब्युमिनचं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. बाटली आता वापरल्यासारखी दिसत होती. मग नळ सोडला आणि हात धुतले, पुष्कळ वेळ.

त्या संध्याकाळी घरात भिंगरी बोलली नाही. आईच्या गुडघ्यांना तेल लावलं, गप्प. जेवण वाढलं, गप्प. आई म्हणाली, “अगं, काहीतरी बोल. घर खायला उठलंय.” ती नुसती हसली. मग शेजारच्या खोलीतून तिचा आवाज आला, भिंत पातळ होती. ती छोट्याला म्हणत होती, “मला यातलं काही येत नाही रे. उगीच ताईंच्या शेजारी बसून मोठी झाल्यासारखं वाटत होतं. सोडते मी. दुसरं काहीतरी बघते.” छोट्या काहीतरी पुटपुटला. मग ती रडली.

ताईनं ऐकलं. दिवा लावायला बसली, हात जोडले, आणि रोजचे शब्द आठवेनात. देवापुढे इतकी वर्षं म्हटलेले शब्द. तिनं दिवा तसाच ठेवला आणि उठली.

पुढच्या दिवशी दुपारी भिंगरी ताईच्या बाकापाशी आली. डोळे सुजलेले, पण चालणं पुन्हा थोडं भिंगरीसारखं.

“ताई, काका उद्या ते सगळं नष्ट करणार आहेत. त्याआधी एक कुपी उघडू या का? तुम्ही करा, मी शेजारी बसून बघते. नोकरीचं जाऊ दे. माझं कुठे चुकलं तेवढं कळायला हवं.”

“माझं बघून तुझी चूक कशी कळणार?”

“तुमचं बघूनच तर शिकले मी. बरोबर कसं असतं ते डोळ्यांनी पाहिलं की चूक आपोआप दिसेल.”

नाही म्हणायला ताईला कारण सापडेना. भिंगरीनं कुपी आणली, उघडण्याआधी फिरवून घेतली, म्हणजे झाकणाला अडकलेली भुकटी तळाशी बसते. स्टूल ओढलं आणि अगदी जवळ बसली, खांद्याला खांदा.

ताईच्या मनात सगळं ठरलं होतं. जसं केलं तसंच करायचं. पुन्हा तोच निकाल येईल आणि प्रकरण कायमचं मिटेल. तिनं हात पुढे केला आणि नुसत्या पाण्याची बाटली उचलली. पहिल्या वेळी हात चुकला होता. या वेळी हात चुकत नव्हता.

भिंगरीनं बाटलीकडे पाहिलं. “ताई, अल्ब्युमिन नाही घालायचं?”

“घालायचं असतं का?” ताईनं विचारलं. आवाज साधा ठेवला.

“मला वाटायचं घालायचं असतं. कॉलेजात तसं सांगितलं होतं, आणि तुम्हीच मागे एकदा…” ती थांबली, मग स्वतःशीच हसली. “जाऊ दे. कॉलेजवाले पुस्तक वाचून सांगतात. तुम्ही हातानं करून सांगता, माझंच ऐकण्यात चुकलं असेल. द्या, पुढच्या नळ्या मी भरते, म्हणजे हाताला सवय होईल.”

आणि तिनं ती बाटली ताईच्या हातातून घेतली.

नळी किंचित तिरकी धरली. करंगळी खाली आधाराला. अंगठा सावकाश, थेंब कडेकडेनं. ताई बघत राहिली. तो हात तिचाच होता. लहान, तरुण, पण धरणं तिचं, थांबणं तिचं, श्वास रोखणंही तिचं. इतकं हुबेहूब कुणी कुणाचं उचलत नाही, जीव लावल्याशिवाय. आणि त्या हाताला ती आत्ता चुकीचं शिकवत होती. ही पोर आता जन्मभर असंच करणार. चांगली प्रथिनं मेलेली म्हणून टाकणार आणि दर वेळी म्हणणार, माझंच चुकलं असेल. पुढे ज्यांना शिकवेल तेही तसंच करतील, आणि म्हणतील, आमच्या ताईंच्या घरचं शिक्षण आहे.

खोटं बोलणं ताईला जमलं होतं. खोटं शिकवणं जमेना.

“थांब,” ती म्हणाली. “ती बाटली खाली ठेव.”

भिंगरीचा हात थांबला. “फेस आला का?”

“फेस नाही आला. अल्ब्युमिन घालायचंच असतं. कॉलेजवाल्यांचं बरोबर आहे, तुझंही बरोबर आहे. नुसत्या पाण्यात ते भिंतीला चिकटतं, हे तुला मीच सांगितलं होतं.”

“मग आत्ता तुम्ही…”

“आत्ता मुद्दाम केलं. तपासणीच्या दिवशी चुकून झालं होतं. चुकून झालं हे मला काल सकाळी कळलं, आणि काल मी सांगितलं नाही. तुझं प्रथिन जिवंत आहे.”

भिंगरीनं बाटली खाली ठेवली. यंत्र घरघरत होतं. तिनं विचारलं, “काल संध्याकाळी मी छोट्याला जे बोलले, ते तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“आलं होतं.”

“आणि तरी?”

“तरी.”

“का, ताई?”

ताईला गोड उत्तर देता आलं असतं. आईचं, खोलीचं, वयाचं. तिनं दिलं नाही. म्हणाली, “तुला जमलं म्हणून. मला जमलं नव्हतं.”

भिंगरी स्टूलवरून उठली. वाटलं आता निघून जाईल. तिनं दुसरी बाटली उचलली, ताईसमोर ठेवली, आणि दारापर्यंत जाऊन म्हणाली, “तुम्हीच करा. मला नाही आत्ता बघवत.” मग पुन्हा वळून म्हणाली, “आणि साहेबांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

ताई गेली. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, बेसिनमध्ये ओतलेलं पाणीसुद्धा. साहेब ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “ताई, दुसरं कुणी असतं तर मी आज घरी पाठवलं असतं.”

“मलाही पाठवा.”

“पाठवलं तर शिकवणार कोण?” ते चिडून म्हणाले. “पण यापुढे तपासणी एकटीनं करायची नाही. शेजारी दुसरं माणूस बसेल. नेहमी.”

हे ताईला फार लागलं. काढून टाकलं असतं त्यापेक्षाही लागलं. तिनं मान हलवली आणि बाकाशी परत आली.

पुन्हा झालेल्या तपासणीत पेशींना असे धागे फुटले की जुन्या खात्रीच्या प्रथिनानं लाजावं. शेजारी बसायला साहेबांनी भिंगरीलाच सांगितलं होतं. तिनं आधी पाहिलं, मग जागा सोडली आणि म्हणाली, “बघा.” त्यापुढे ‘ताई’ हा शब्द लावला नाही. कितीतरी दिवस तिनं ‘ताई’ अशी हाक मारली नाही. घरीही नाही, रस्त्यावरही नाही. चढावर दोघी मागेपुढे चालत, आणि टपरीवाला कुणालाच काही विचारत नसे.

खेप गेली, पसंत पडली, भिंगरी कायम झाली. खिडकीची खोली ताईनंच आवरून दिली, आईनं पुन्हा विषय काढायच्या आत. छोट्या पलंग हलवताना म्हणाला, “ताई, राग नाही ना?” ती म्हणाली, “दार सांभाळ, डोकं आपटेल.”

मग एका सकाळी, नळी भरता भरता, भिंगरी म्हणाली, “ताई, हा क्षार जरा जास्त झालाय का हो?” म्हणजे शब्द परत आला. ताईनं वर पाहिलं नाही. म्हणाली, “किंचित. पुढच्या वेळी चमचा सपाट घे.”

तुम्हाला वाटेल, मग ताईचं मन धुऊन निघालं. निघालं नाही, मंडळी. मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. आजही साहेब भिंगरीला शाबास म्हणाले की ताईच्या पोटात तोच निखारा हलतो. आई भिंगरीच्या बोलण्यावर हसली की ताई ताट पुढे सारून उठते. रोज सकाळी दिव्यापुढे ती अजून तेच मागते, हे माझ्या मनातून काढ. मग बाकाशी जाऊन बसते आणि जिच्यावर जळते तिलाच, शेजारी बसवून, जे जे येतं ते सगळं शिकवते. एक थेंबही हातचा राखत नाही.

भिंगरीला आठवा असं मी सांगणार नाही. तिचं प्रथिन कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत जाऊन पोचलंय, तिला आठवणारे पुष्कळ आहेत. पण उद्या देवापुढे उभे राहाल, स्वतःसाठी, मुलाबाळांसाठी मागून होईल, तेव्हा ताईलाही आठवा. तिचं जळणं अजून चालू आहे, आणि शिकवणंही.